मृच्छकटिकांतील चांडाळाची दिरंगाई

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’विषयीं मराठींत जें लिहिलें गेलें आहे, त्यांत वसंतसेनेचें औदार्य, मैत्रेयाचा विनोद, शर्विलकाची शास्त्रशुद्ध चोरी आणि शकाराची वाचाळता यांना भरपूर जागा मिळाली आहे. गोविंद बल्लाळ देवलांनीं हें नाटक संगीताचा साज चढवून मराठी रंगभूमीवर आणल्यापासून चारुदत्त व वसंतसेना हीं तर सुशिक्षित मराठी घरांतील ओळखीचीं माणसें झालीं. परंतु नाटकाच्या शेवटच्या दोन अंकांकडे टीकाकार बहुधा घाईनें पाहतात. नववा अंक न्यायालयाचा आणि दहावा वधस्थानाचा. निरपराधी चारुदत्तावर खड्ग उगारलें जातें, तोंच मेलेली समजलेली वसंतसेना धांवत येते आणि सर्व कांहीं गोड होतें. हा योगायोग नाटककाराच्या सोयीचा आहे, जुन्या प्रेक्षकांस तो खपत असे, एवढ्या अभिप्रायावर पुष्कळांचें समाधान होतें. आमचें मत याहून निराळें आहे. देहदंडाच्या नैतिक प्रश्नाचा इतका खोल विचार आमच्या वाचनांतील दुसऱ्या कोणत्याहि संस्कृत वा मराठी नाटकांत आम्हांस आढळला नाहीं. आणि ज्याला योगायोग म्हणून नांवें ठेवितात तीच गोष्ट त्या विचाराचें मर्म आहे.

हा विषय केवळ रसिकतेचा नाहीं. आमच्या वऱ्हाडांत, अकोल्यास काय किंवा अमरावतीस काय, एखाद्या क्रूर गुन्ह्याची वार्ता आली कीं चार शहाण्या माणसांच्या बैठकींतून ‘फाशीच दिली पाहिजे’ असा उद्गार निघतो आणि संभाषण तेथें संपतें. नगर जिल्ह्यांतील कोपर्डी येथें जुलै २०१६ मध्यें एका शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. त्यानंतर सप्टेंबरांत अकोला व अमरावती या दोन्ही शहरांतून प्रचंड मूक मोर्चे निघाले. त्यांच्या मागण्या अनेक होत्या. परंतु गुन्हेगारांस फाशी द्यावी ही त्यांतील अग्रभागीं असलेली मागणी. त्या मोर्चांत शाळा-कॉलेजांतील मुली पुढें चालत होत्या. त्यांच्या दुःखांत व भीतींत खोटें असें कांहीं नव्हतें, आणि देहदंडाच्या विरुद्ध बोलूं पाहणारानें त्या दुःखाला बगल देऊन बोलणें अप्रामाणिकपणाचें होईल. म्हणूनच जेथें फिर्याद, पुरावा, शिक्षा, सूड आणि क्षमा हीं सर्व एकत्र आलीं आहेत, अशा एका नाटकाच्या आधारें या प्रश्नाचा शांतपणें विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे.

नवव्या अंकांतील न्यायाधीश दुष्ट नाहीं, हें प्रथम लक्षांत घेतलें पाहिजे. शकार हा राजाचा मेहुणा. आज आपली फिर्याद घेतली नाहीं तर राजास सांगून तुमची जागा घालवीन, असा दम तो भरतो आणि न्यायाधीश नमतो. एवढें एक दौर्बल्य सोडलें तर पुढची चौकशी तो रीतसर करितो. वसंतसेनेच्या आईची साक्ष होते. मुलगी चारुदत्ताकडे गेली होती असें तीवरून ठरतें. वीरक नांवाचा रक्षक येऊन, तिला घेऊन जाणारी म्हणून सांगितलेली गाडी पुष्पकरंडक उद्यानाकडे चालली होती, असें निवेदन करितो. उद्यानांत शोध करवितां श्वापदांनीं फाडलेलें एका स्त्रीचें प्रेत असल्याचें कळतें. इतक्यांत मैत्रेय येतो, शकाराशीं झोंबतो, आणि त्याच्या कांखेंतून वसंतसेनेचे अलंकार भर न्यायालयांत खालीं पडतात. आतां आणखी काय पाहिजे?

शूद्रकाचें कौशल्य येथें आहे. शकार वगळला तर साक्ष देणाऱ्यांपैकीं कोणीहि जाणूनबुजून खोटें बोललेला नाहीं. आई खरें बोलते, रक्षक त्याला जें कळलें तें सांगतो, अलंकार खरोखरच वसंतसेनेचे असतात. चारुदत्त लज्जेनें व दुःखानें नीट बोलत नाहीं, आणि त्याचें मौन त्याच्याविरुद्ध जातें. खरे तुकडे जोडून खोटें चित्र तयार होतें. चोर, लाचखाऊ किंवा मद्यपी न्यायाधीश दाखविला असता तर प्रेक्षक ‘न्यायाधीश बदला’ म्हणून मोकळा झाला असता. सज्जन न्यायाधीशाच्या हातून, पुरावा पाहून, रीतीप्रमाणें निरपराध्याचा वध होऊं शकतो, हें दाखविल्यामुळें ती पळवाट बंद झाली आहे.

त्यानंतर राजा. ब्राह्मणास वध नको, द्रव्यासह हद्दपारी असावी, असें मनूच्या आधारें न्यायाधीश सुचवितो. अपराध्याची जात पाहून शिक्षा ठरविणारा तो नियम आज कोणासहि मान्य होणार नाहीं. परंतु पालक राजाची आज्ञा येते ती न्यायाच्या एखाद्या वरच्या तत्त्वावरून येत नाहीं. आरोपीस न पाहतां, साक्ष न ऐकतां, दूर बसून तो सांगतो कीं, तेच अलंकार गळ्यांत बांधून, दवंडी पिटून, याला दक्षिणेच्या स्मशानांत सुळावर चढवा. ज्यानें पाहिलें त्याचा हात अडखळतो आणि ज्यानें पाहिलें नाहीं त्याचा हात मुळींच अडखळत नाहीं, हा भेद नाटककारानें टीकेचा एक शब्दहि न घालतां दाखविला आहे.

आतां दहावा अंक. चारुदत्तास नेणारे दोघे चांडाळ हे त्या समाजानें सर्वांत खालीं ढकललेले लोक. नाटकांतील शब्द तोच असल्यामुळें आम्हीं तो येथें वापरला आहे. पण शूद्रकानें त्या शब्दाचा अर्थच उलटा केला आहे. आम्ही चांडाळकुळांत जन्मलों तरी चांडाळ नव्हे, सज्जनाला छळणारे ते खरे चांडाळ, अशा आशयाचें भाषण तो त्यांच्याच मुखीं घालतो. हे दोघे ठिकठिकाणीं थांबतात, दवंडी देतात, चारुदत्ताच्या मुलाला बापाजवळ येऊं देतात. आणि वध करण्याची पाळी आज कोणाची यावर वाद घालीत बसतात. त्यांतील एकजण सांगतो कीं, मरतेवेळीं बापानें आपणांस बजावलें होतें, पाळी आली तरी वध्य मनुष्याला एकदम मारूं नकोस. कां? तर एखादा सत्पुरुष द्रव्य देऊन त्याला सोडवील, राजाला मुलगा होऊन सर्व कैदी सुटतील, हत्ती बेफाम होऊन गर्दींत हा निसटेल, किंवा राज्यच पालटेल.

टीकाकारांचा योगायोगाचा आक्षेप या भाषणापाशीं गळून पडतो. वसंतसेना वेळेवर आली ती दैवाची कृपा नव्हे. तिला यावयास वेळ मिळाला, कारण मारणारांनीं वेळ काढला. तिचा गळा दाबून शकार निघून गेला, एका भिक्षूनें तिला सांवरलें, ती चालूं लागली. सत्य वाटेवरच होतें, त्याला पोंचावयास अवधि हवा होता. चांडाळाच्या बापाला कायदा ठाऊक नव्हता; परंतु एक गोष्ट त्याला न्यायाधीशाहून अधिक कळली होती. माणसाचें ज्ञान काळाच्या ओघांत सुधारतें, आणि मारलेला माणूस त्या सुधारणेचा लाभ घेऊं शकत नाहीं.

हें काव्य झालें, प्रत्यक्षांत असें कोठें घडतें, असें कोणी म्हणेल. प्रत्यक्षांत असें घडलें आहे, आणि तेथें वसंतसेना उशीरा आली. लंडनमध्यें टिमोथी इव्हान्स या तरुणास आपल्या मुलीच्या खुनाबद्दल ९ मार्च १९५० रोजीं फाशी दिलें गेलें. त्याच्याविरुद्ध मुख्य साक्ष त्याच घरांत राहणाऱ्या जॉन ख्रिस्ती याची होती. तीन वर्षांनीं त्याच घरांत अनेक स्त्रियांचीं प्रेतें सांपडलीं आणि ख्रिस्ती हाच खुनी असल्याचें उघड झालें. खून करणारानेंच दुसऱ्यावर फिर्याद आणावी, हें शकाराचें कृत्य विसाव्या शतकांत, जगांत नांवाजलेल्या न्यायपद्धतींत, जसेंच्या तसें घडलें. इव्हान्सला १९६६ सालीं मरणोत्तर माफी मिळाली. मेलेल्यास मिळालेल्या माफीचा उपयोग त्याला काय, हें सांगावयास नको. अशा प्रकरणांनीं तेथील लोकमत हललें. खुनाबद्दलची फाशी ब्रिटननें १९६५ सालीं प्रथम तहकूब केली आणि १९६९ सालीं कायमची उठविली.

आपल्या महाराष्ट्राचें उदाहरण याहूनहि बोलकें आहे. नाशिक जिल्ह्यांत जून २००३ मध्यें एका कुटुंबावर रात्रीं हल्ला होऊन पांचजणांची हत्या झाली, अत्याचारहि झाले. भटक्या जमातींतील सहा मजूर पकडले गेले. सत्र न्यायालयानें २००६ सालीं सहाहि जणांस फाशी सुनावली. उच्च न्यायालयानें २००७ सालीं तिघांची फाशी कमी केली. सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं त्या तिघांचीहि फाशी पुन्हां कायम केली. आणि मग त्याच सर्वोच्च न्यायालयानें मार्च २०१९ मध्यें सर्व सहाजणांस निर्दोष सोडलें. वांचलेल्या साक्षीदार स्त्रीनें आरंभीं पोलिसांजवळील छायाचित्रांतून वेगळेच चार इसम ओळखले होते, आणि त्या दिशेनें तपासच झाला नव्हता, ही गोष्ट तेव्हां पुढें आली. प्रत्येकास पांच लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम झाला. सोळा वर्षें गेलीं, परंतु माणसें जिवंत होतीं म्हणून भरपाई घेऊं शकलीं. देशांतील सर्वांत वरच्या न्यायासनानें एकदां ज्यांना मरणास पात्र ठरविलें, तेच दहा वर्षांनीं निरपराध ठरले. मध्यंतरीं जी दिरंगाई झाली ती नसती तर काय झालें असतें, याचा विचार प्रत्येक वाचकानें करावा.

दुसरें उदाहरण आमच्या नागपूरचेंच आहे. पुण्यांतील १९९४ सालच्या एका भयंकर हत्याकांडांत फाशीची शिक्षा झालेला एक कैदी नागपूरच्या कारागृहांत होता. गुन्ह्याच्या वेळीं त्याचें वय अवघें बारा वर्षांचें होतें, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें मार्च २०२३ मध्यें दिला आणि अठ्ठावीस वर्षांनीं तो सुटला. गुन्हा केला कीं नाहीं, हा तेथें प्रश्नच नव्हता. ज्याला आपण फाशीच्या कोठडींत ठेविलें तें एक मूल होतें, एवढी साधी गोष्ट कळावयास पाव शतक लागलें. त्याच कारागृहांत याकूब मेमन यास ३० जुलै २०१५ रोजीं फाशी दिलें गेलें. तेथील त्यापूर्वींची फाशी १९८४ सालीं अमरावतीकडील दोघां भावांस झाली होती, अशी आठवण त्या वेळीं वृत्तपत्रांनीं दिली. वधस्तंभ आपल्यापासून फार दूर आहे, अशा समजुतींत वऱ्हाडकरांनीं राहूं नये.

दहाव्या अंकांतील आणखी एका पात्राकडे लक्ष वेधतों. शकाराचा गाडीवान स्थावरक याला सर्व सत्य माहीत आहे. त्याला बांधून ठेविलें असतां तो वाड्यावरून उडी टाकतो आणि गर्दींत शिरून ओरडून सांगतो कीं, खून माझ्या धन्यानें केला. शकार शांतपणें उत्तर देतो, हा चोर आहे, मीं मारल्यामुळें सूड उगवीत आहे. लोकांस तें पटतें. दासाचा शब्द! दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठानें २०१६ सालीं फाशीच्या कैद्यांविषयीं जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत या कैद्यांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश आर्थिक दृष्ट्या दुर्बल वर्गांतील असल्याचें आढळलें. गुन्हे गरीबच करितात असा याचा अर्थ नव्हे. ज्याला चांगला वकील मिळत नाहीं, न्यायालयाची भाषा कळत नाहीं, ज्याच्यासाठीं गांवांतला प्रतिष्ठित माणूस साक्षीला उभा राहत नाहीं, त्याच्या गळ्यापर्यंत दोर लवकर पोंचतो, असाच याचा अर्थ आम्ही करितों.

येथवर निरपराध्यांचा विचार झाला. परंतु ज्याचा अपराध निर्विवाद आहे त्याचें काय? हा आक्षेप सर्वांत बलवान आहे, आणि शूद्रकानेंहि तो टाळलेला नाहीं. राज्य पालटतें, शकार बांधून आणला जातो, लोक ‘मारा, मारा’ म्हणून ओरडतात. तो चारुदत्ताच्या पायीं पडतो, आणि शरण आलेल्या शत्रूस शस्त्रानें नव्हे, उपकारानें मारावें, असें सांगून चारुदत्त त्याला सोडवितो. या प्रसंगाची थोरवी मान्य करूनहि येथें आमचा शूद्रकाशीं मतभेद आहे. गळा दाबला गेला तो वसंतसेनेचा. क्षमेचा पहिला अधिकार तिचा. तिला कोणी विचारीत नाहीं. शिवाय शकार नुसता जिवंत सुटत नाहीं, तो पूर्ववत् मोकळा होतो. उद्यां दुसऱ्या एखाद्या स्त्रीचा गळा त्याच्या हातीं सांपडणार नाहीं, याची हमी काय? प्राणदान आणि मुक्तता या दोन भिन्न गोष्टी आहेत. नाटककारानें त्या एक केल्या. देहदंडाचे विरोधक आजहि कधीं कधीं हीच चूक करितात, आणि म्हणून पीडितांच्या नातलगांस ते निष्ठुर वाटतात. शकाराला मारूं नये हें आम्हांस मान्य आहे. त्याला घरीं पाठवावें हें मान्य नाहीं.

अपराध्याला मारल्यानें न्याय होतो काय, याचें उत्तर दुसऱ्या एका मराठी नाटकांत सांपडतें. विजय तेंडुलकरांचें ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील घाशीराम निर्दोष नाहीं. त्यानें पुणें शहर छळलें आहे. शेवटीं नाना फडणीस त्याला जमावाच्या हवालीं करितो आणि उत्सव फर्मावितो. प्रेक्षक घरीं जातांना घाशीरामाबद्दल हळहळत नाहीं. पण ज्यानें घाशीराम निर्माण केला तो मोकळा राहिला, हें त्याला बोंचत राहतें. अपराध्याच्या मरणानें पुष्कळदां असेंच होतें. त्याच्याबरोबर प्रश्नहि पुरले जातात: पोलिसांनीं वेळेवर दखल कां घेतली नाहीं, मुलीच्या शाळेची वाट सुरक्षित कां नव्हती, दारूच्या अड्ड्याला अभय कोणाचें होतें?

देहदंडाचे पुरस्कर्ते रामशास्त्री प्रभुण्यांचें नांव घेतात. नारायणराव पेशव्यांचा १७७३ सालीं वध झाल्यावर रघुनाथरावास देहांत प्रायश्चित्त सांगणारा तो निःस्पृह न्यायाधीश! परंतु त्या कथेचें बळ कशांत आहे? तें प्रायश्चित्त कधींच अंमलांत आलें नाहीं, तरी महाराष्ट्र तें विसरला नाहीं. सर्वांत बलाढ्य माणसास ‘तूं अपराधी आहेस’ असें तोंडावर सांगण्याचें धैर्य, हेंच आम्हीं पिढ्यान् पिढ्या पूजिलें. रामशास्त्र्यांचा वारसा म्हणजे निर्भय निर्णय, आणि निर्णय निर्भय असण्यासाठीं शेवटीं दोर असलाच पाहिजे असें नाहीं.

आतां पुनः कोपर्डीकडे येऊं. तिघां आरोपींस नोव्हेंबर २०१७ मध्यें फाशी सुनावली गेली. आणि सप्टेंबर २०२३ मध्यें मुख्य आरोपी येरवड्याच्या कारागृहांत मृतावस्थेंत आढळला, तोंवर ती शिक्षा अंमलांत आलेली नव्हती. हा विलंब कोणाच्या आळसामुळेंच झाला असें म्हणतां येणार नाहीं. शिक्षा परत घेतां न येणारी म्हणून प्रत्येक पायरीवर फेरतपासणी हवीच. सर्वोच्च न्यायालयानें १९८० सालीं फाशी कायद्यांत ठेविली, पण ती अत्यंत विरळ प्रसंगींच द्यावी असें बंधन घातलें, तेंहि याच भीतीनें. आणि हा विलंब फार लांबला तर तोच एक छळ होतो, म्हणून दयेच्या अर्जांस अकारण उशीर झाल्यास फाशी रद्द होऊं शकते, असेंहि त्याच न्यायालयानें २०१४ सालीं ठरविलें. म्हणजे आपण एका कात्रींत सांपडलों आहों. चांडाळाची दिरंगाई सोडावी तर नाशिकच्या सहा मजुरांसारखे निरपराध मरतात. ती राखावी तर मुलगी गमावलेल्या आईबापांना ‘आज होईल, उद्यां होईल’ म्हणत वर्षें मोजावीं लागतात. या कात्रींतून सुटण्याचा मार्ग आम्हांस एकच दिसतो: दोर काढून टाकावा. जन्माच्या कैदेची शिक्षा निकालाच्या दिवसापासून सुरू होते, ती कोणाची वाट पाहत नाहीं. आणि चूक उघड झाली तर तुरुंगाचें दार उघडतां येतें. शिक्षेच्या क्रौर्यापेक्षां तिची निश्चिति गुन्ह्यास अधिक आवरते, असें बेकारिया या इटालियन पंडितानें १७६४ सालींच प्रतिपादिलें होतें. तपास चोख, निकाल लवकर, कैद खरी: पीडितांचें जें ऋण समाजावर आहे तें असें फिटेल.

हें मत परदेशांतून आणलेलें आहे असें कोणी समजूं नये. घटनासमितींत ३ जून १९४९ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं आपण फाशीची शिक्षाच रद्द करण्याच्या पक्षाचे आहों असें सांगितलें; अहिंसा आचरणांत कमी पडली तरी हा देश तिला नैतिक आज्ञा मानतो, हें त्यांचें कारण होतें. न्यायमूर्ति अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगानेंहि २०१५ सालीं, दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळून, ही शिक्षा काढून टाकण्याची शिफारस केली. आम्हांस तो अपवादहि नको वाटतो. कारण ज्या गुन्ह्यांत लोकक्षोभ सर्वांत तीव्र, त्यांतच शकाराची फिर्याद सर्वांत लवकर खरी वाटते.

मृच्छकटिकाचा पुढील प्रयोग पाहतांना किंवा घरीं तें वाचतांना आमच्या वाचकांनीं वसंतसेनेच्या येण्याकडेच डोळे लावून बसूं नये. पाळी कोणाची म्हणून वाद घालणाऱ्या त्या दोघांचें बोलणें नीट ऐकावें. नाटकांत राजा, न्यायाधीश, साक्षीदार आणि जमाव असे सर्वजण खात्रीनें बोलतात. शंकेला जागा ठेवितात ते हे दोघेच, आणि चारुदत्त वांचतो तो त्या शंकेमुळें.